शाळा घरात, मग मैदान कुठे?

गेल्या आठवड्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांचा मुलगा पाचवीत आहे. पावसामुळे ज्या दिवशी शाळेला सुट्टी जाहीर होते, त्या दिवशी अभ्यास मोबाईलवर येतो. मुलगा सकाळी आठ वाजता पलंगावर मांडी घालून बसतो तो जेवायलाच उठतो. घर भाड्याचे, दोन खोल्यांचे, वरच्या मजल्यावरचे. अंगण नाही. उड्या मारल्या की खालून घरमालक ओरडतात. ‘घरच्या घरी करता येईल असा व्यायामाचा काही कार्यक्रम सांगाल का? पुस्तकातला नको, जमेल असा सांगा,’ असे त्यांनी लिहिले आहे.

हे पत्र वाचून मला माझे परळचे दिवस आठवले. गावी परत येण्यापूर्वी मी परळच्या एका मराठी शाळेत २९ वर्षे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. मुले आम्हाला ‘पी.टी.चे सर’ म्हणत. मार्च २०२०च्या मध्यास करोनामुळे शाळा बंद झाल्या. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी आणि पहिली ते सातवीचे वर्ग थेट १५ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. म्हणजे लहान मुले २१ महिने घरात होती. गणित, मराठी, इंग्रजी मोबाईलवर शिकवता आले, निदान शिकवल्यासारखे झाले. पण मैदान मोबाईलवर कसे आणायचे? त्या काळात मी ज्या चुका केल्या आणि त्यातून जे शिकलो तेच आज सांगतो. पत्रलेखिका भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक प्रत्येक गावाचे कोणी ना कोणी गिरगाव, दादर, परळ, लालबागला असते, त्यामुळे तिथल्या खोल्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. नायगाव आणि डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळी १९२०च्या दशकात बांधलेल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. तीत पाच-सात माणसे, एक कॉट, कपाट, मोरी आणि गॅसचा ओटा. संडास मजल्यावर सामाईक. गिरगावातल्या जुन्या चाळींत जिने आणि जमीनही लाकडाची. आणि गंमत पहा, हाच भाग व्यायामासाठी प्रसिद्ध! शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने मल्लखांब देशोदेशी नेला. तिथले उदय देशपांडे यांना त्यासाठी २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. लालबाग-परळच्या गल्ल्यांतून कबड्डीचे खेळाडू निघाले. चाळीतल्या मुलाला घरात जागा नसली तरी गल्ली, मैदान आणि व्यायामशाळा त्याची होती. २०२० साली नेमके तेच बंद झाले. जूनमध्ये मैदाने थोडी उघडली, पण दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलूप लागले.

आता माझी पहिली चूक. जून २०२० मध्ये वर्ग मोबाईलवर सुरू झाले तेव्हा मी मैदानावरचाच तास उचलून पडद्यावर ठेवला. जागेवर धावणे, पन्नास दोरीउड्या, उड्या मारत टाळ्या आणि शेवटी कवायत. वेळ सकाळी साडेनऊची. मी स्वतः गच्चीवर उभा राहून करून दाखवीत होतो. गच्चीवर! पहिल्या दिवशी मुलांना मोठा उत्साह. तिसऱ्या दिवशी गिरगावात राहणारा सहावीतला एक मुलगा नुसता उभा राहिलेला दिसला. मी विचारले, ‘काय रे, पाय दुखतात का?’ तो म्हणाला, ‘नाही सर, खालच्या काकू ओरडतात. त्यांच्या आमटीत माती पडते.’ लाकडी तक्तपोशी ती, वर उडी मारली की फटीतून खाली भुगा पडणारच. खालच्या काकूंचे काय चुकले?

दुसरी चूक याहून मोठी होती आणि ती सांगताना आजही ओशाळल्यासारखे होते. लालबागची आठवीतली एक मुलगी कधीच कॅमेरा लावीत नसे. एक दिवस मी सगळ्यांसमोर तिला बोललो, ‘व्यायाम न करता हजेरी लावायची नाही.’ दोन मिनिटांनी फोनवर तिच्या आजीचा आवाज आला. ‘गुरुजी, पोरीचा बाप हास्पिटलात रातपाळी करून आत्ता निजलाय. खोली एकच हाय. ती कुठं नाचंल? आन् सगळ्यांच्या म्होरं कसं नाचंल?’ मला उत्तर देता आले नाही. ज्या दिवसांत रुग्णालयाचे कर्मचारी सोळा-सोळा तास राबत होते, त्या दिवसांत अशा एका माणसाच्या उशाशी मी त्याच्या मुलीला उड्या मारायला सांगत होतो. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची वर्गासमोर माफी मागितली आणि पी.टी.साठी कॅमेऱ्याची सक्ती कायमची बंद केली. वयात येणाऱ्या मुलींना पडद्यावर साऱ्या वर्गाने आपल्याला वाकताना-उठताना पाहावे, असे वाटत नाही. पाळीच्या दिवसांत तर मुळीच नाही. एवढी साधी गोष्ट मला २७ वर्षांच्या नोकरीनंतर एका आजीबाईंनी शिकवली.

त्यानंतर मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी व्यायाम ठरवून मग घर शोधायचे नाही, आधी घर विचारायचे. प्रत्येक मुलाला पाच प्रश्न दिले. तुझ्या घरात एक चटई पूर्ण उघडून ठेवता येईल अशी जागा किती ते किती वाजेपर्यंत मोकळी असते? खाली कोण राहते? घरात दिवसा कोण झोपते? घरात आजारी किंवा म्हातारे कोण आहे? आणि तू सकाळी काय खातोस? वाचकहो, कोणत्याही घरगुती व्यायामाचा आराखडा या पाच उत्तरांवर उभा राहतो. शेवटचा प्रश्न अनेकांना अनावश्यक वाटेल, पण त्या वर्षी कित्येकांच्या घरचे कामच बंद होते. चहा-बटरवर असलेल्या मुलाकडून वीस बैठका काढून घेणे हा व्यायाम नव्हे. अशा मुलांना मी आधी खायला आणि मग फक्त चालायला सांगत असे. बाकीचे पोटभर खायला मिळू लागल्यावर.

किती व्यायाम हवा, हे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी. शिवाय आठवड्यातून निदान तीन दिवस दम लागेल असा व्यायाम, आणि स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम हवा. मध्यम म्हणजे किती आणि जोरदार म्हणजे किती, हे ओळखायला यंत्र नको. व्यायाम करताना मूल बोलू शकते पण गाणे म्हणू शकत नाही, ही मध्यम हालचाल. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ती जोरदार. मुलांना ही परीक्षा फार आवडते. पाढा म्हणायला लावावा, म्हणजे दोन्ही कामे होतात!

साठ मिनिटे ऐकून पालक घाबरतात. पण ती एका दमात करायची नसतात. एका खोलीच्या घरात सलग तासभर जागा मोकळी मिळणे अशक्यच. तेव्हा तास तोडावा. दहा मिनिटे इथे, पाच मिनिटे तिथे. केंद्रीय शिक्षण खात्याने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ नावाच्या सूचना काढल्या होत्या. त्यांत पहिली ते आठवीला दिवसातून ३० ते ४५ मिनिटांचे दोनच ऑनलाईन तास असावेत, असे म्हटले होते. ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता त्यांच्यासाठी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागत असे. दोन तासांच्या मधली पाच मिनिटे आणि मालिका संपल्यानंतरची दहा मिनिटे आम्ही पकडली. नियम एकच, बसून झाले की उठायचे.

आता प्रत्यक्ष व्यायाम. लाकडी जमिनीसाठी, रातपाळीच्या बापासाठी आणि घरमालकासाठीसुद्धा मी एक ‘मुका संच’ तयार केला. त्याचा नियम असा की दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटता कामा नयेत, आणि आवाज आला तर तो फेरा बाद. पहिला प्रकार भिंतीची खुर्ची. पाठ भिंतीला टेकवून खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे वाकवायचे आणि तसेच थांबायचे. पाचवी-सहावीच्या मुलाने पंधरा सेकंदांपासून सुरुवात करावी. दुसरा प्रकार भिंतीवरचे जोर. हात भिंतीला खांद्याच्या उंचीवर टेकवून छाती भिंतीकडे न्यायची आणि परत यायचे. ते सहज जमले की भिंतीऐवजी कॉटची कड घ्यावी, मात्र कॉट हलत नाही ना, हे आधी पाहावे. तिसरे सावकाश बैठका. पाच आकडे मोजत खाली, दोन आकड्यांत वर. घाईच्या वीस बैठकांपेक्षा अशा आठ बैठका जड जातात. चौथी अस्वलाची चाल, म्हणजे हात-पाय टेकून गुडघे न टेकवता चटईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे आणि उलटे परत यायचे. पाचवी खेकड्याची चाल. लहान मुले यात रमतात आणि आवाज शून्य. एक प्रकार अर्धा मिनिट, मग अर्धा मिनिट उसंत, असे पाचही प्रकार दोनदा केले की दहा मिनिटे होतात.

याला जोड सूर्यनमस्कारांची. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात शाळेतल्या मुलामुलींना सूर्यनमस्कार घालायला लावले. सूर्यनमस्काराला एका चटईपेक्षा जास्त जागा लागत नाही, साधन लागत नाही आणि मागे-पुढे वाकणे, हातांवर भार घेणे हे सारे एकाच व्यायामात होते. सवय नसलेल्या मुलाने तीनपासून सुरुवात करावी, दर आठवड्याला एक-दोन वाढवीत बारापर्यंत जावे. शंभर नमस्कारांच्या शर्यती लावू नयेत. मनगटे धरतात आणि मूल कंटाळते ते कायमचे.

पण नुसत्या मुक्या संचाने भागत नाही. मुलांच्या हाडांना थोडा धक्का लागतो, म्हणजे उडी, धाव, जिना. मोठेपणी आपल्या अंगात जेवढे हाड असते त्यातला सुमारे पाव हिस्सा वयात येण्याच्या काळातील साधारण दोन वर्षांत तयार होतो. ही दोन वर्षे ज्यांची घरात गेली त्यांची मला फार काळजी वाटत असे. म्हणून गिरगावच्या त्या मुलाला मी सांगितले, आठवड्यातून तीनदा तळमजल्याच्या दगडी फरशीवर उतर, वीस उड्या मार आणि वर ये. येताना जिना चढ. तीन मजल्यांचा जिना सावकाश चार-पाच वेळा चढला-उतरला की मोठ्या माणसालाही दम लागतो. मात्र उतरताना धावायचे नाही आणि कठड्यावरून घसरायचे नाही. ज्या चाळीत रुग्ण सापडून मजला बंद केलेला असे, तिथे अर्थातच जिनाही बंद. मग खोलीत उंबऱ्याजवळच्या पायरीवर एक पाय वर, एक पाय खाली, एवढेच करायचे.

घरकाम व्यायामात धरावे का? जरूर धरावे. चाळीत सकाळी पाणी येते तेव्हा ते भरणे, उकिडवे बसून फरशी पुसणे, कणीक मळणे, चादर पिळणे ही सारी स्नायूंची कामे आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलाने दोन्ही हातांत दोन छोट्या बादल्या अर्ध्या-अर्ध्या भरून न्याव्यात. एकाच हातात मोठी बादली घेऊन कंबर वाकडी करून चालू नये. पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. माझ्या वर्गाच्या वह्या तपासताना मला दिसले की मुलींच्या वहीत ‘पाणी भरले, भांडी घासली, केर काढला’ आणि मुलांच्या वहीत ‘बैठका, जोर, क्रिकेट’. मुलीच्या कामालाच तिचा व्यायाम म्हणायचे आणि भावाला मात्र खेळ द्यायचा, हे मला मान्य नाही. त्यानंतर वहीत दोन रकाने केले, काम आणि खेळ. दोन्ही रकान्यांत दोघांनीही रोज काही ना काही लिहायचे. काही पालकांना हे रुचले नाही. असो.

खेळांत आमचे सर्वांत चांगले शिक्षक म्हणजे घरातल्या आज्या निघाल्या. मंगळागौरीचे खेळ त्यांना पाठ. बसफुगडी ही उकिडवे बसून घालायची, तिला आवाज नाही, जागा दोन चटयांची, आणि एक मिनिटात चांगल्या धडधाकट मुलाची मांडी भरून येते. आजीने कॉटवर बसून मोजायचे, नातवंडांनी खेळायचे. लेझीम नसेल तर वर्तमानपत्राच्या दोन सुरळ्या हातात घेऊन लेझमीचे हात आणि बैठका होतात. लालबागच्या त्या आठवीतल्या मुलीने गॅलरीत धाकट्या बहिणीला हे शिकवले. बाप उठल्यावर, संध्याकाळी पाच वाजता. कॅमेरा नव्हताच, वहीत फक्त एक ओळ यायची, ‘आज १५ मिनिटे, आजी हसली.’ मला तेवढा पुरावा पुरे होता. मधल्या काळात एका कार्यालयातून व्यायाम करतानाचे मुलांचे फोटो मागवले गेले. फोटोसाठी मुलांना गणवेश घालून उभे करण्यात दोन दिवस गेले आणि त्या दोन दिवसांत कोणाचाच व्यायाम झाला नाही.

ज्यांच्या घरी मोबाईल एकच आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्यांचे काय? शालेय पोषण आहाराचे तांदूळ-कडधान्य न्यायला पालक शाळेत येत. त्या पिशवीत आम्ही एक कागद टाकू लागलो. एका बाजूला पाच व्यायामांची रेघोट्यांची चित्रे, दुसऱ्या बाजूला महिन्याचे चौकोन. केले त्या दिवशी चौकोनात फुली. पुढच्या वेळी धान्य नेताना जुना कागद द्यायचा आणि नवा न्यायचा. काही कागद कोरे आले, काहींवर एकाच पेनने एकाच बैठकीत तीस फुल्या मारलेल्या होत्या. पण काहींवर आमटीचे डाग आणि वेगवेगळ्या शाया होत्या. ते खरे.

प्रगती मोजायला वजनकाट्याच्या मागे लागू नये. वाढत्या वयाच्या मुलाला रोज काट्यावर उभे करून ‘जाड्या’ म्हणणे याने नुकसानच होते. त्याऐवजी महिन्यातून एकदा, एका मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता-बसता येते ते मोजावे, हात छातीशी बांधून. आकडा वहीत लिहावा आणि त्याची तुलना त्याच मुलाच्या मागच्या आकड्याशी करावी, शेजारच्या मुलाशी नव्हे. वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. एक तर वेळ, नाही तर संख्या.

डोळ्यांविषयीही दोन शब्द. चीनमधील फेइचेंग शहरात शाळकरी मुलांचे डोळे दरवर्षी तपासले जात असत. २०२० साली घरबंदीनंतर तपासले तेव्हा सहा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे २१ टक्के मुलांना लांबचे कमी दिसत होते. आधीच्या पाच वर्षांत हे प्रमाण कधीही ६ टक्क्यांच्या वर गेले नव्हते. लहान वयात उघड्यावरचा उजेड डोळ्यांना लागतो. म्हणून व्यायामाचा निदान एक हप्ता खोलीबाहेर, गॅलरीत, गच्चीत किंवा ओसरीवर घ्यावा. गच्चीला कठडा असावा आणि मोठे माणूस सोबत असावे, हे सांगायला नकोच.

हे सगळे करून सर्वांचे भले झाले, असे मी म्हणणार नाही. १५ डिसेंबर २०२१ला सातवीचा वर्ग भरला तेव्हा नायगावचा एक मुलगा शाळेचा दुसरा मजला चढून वर आला आणि दाराशीच बसला. छाती भात्यासारखी हलत होती. पूर्वी हाच मुलगा खो-खोत खांब मारायचा. त्याचे कागद कोरे येत होते आणि मी त्याच्या घरी एकदाही चौकशी केली नव्हती. त्याला लगेच मैदानावर न पिटाळता सुरुवातीला फक्त मैदानाच्या फेऱ्या चालायला लावल्या, मग सावकाश धावणे. मार्चपर्यंत तो पुन्हा खो-खोच्या रांगेत बसू लागला. त्याआधी डॉक्टरांकडून तपासून घेतले होते, हे महत्त्वाचे. ज्या मुलाला दमा आहे, हृदयाचा काही दोष आहे किंवा जो नुकताच तापातून उठला आहे, त्याचा व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा. व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली, ओठ निळसर दिसले किंवा थांबल्यावरही दम खाली बसत नसेल तर व्यायाम बंद आणि दवाखाना.

आता पत्रलेखिका भगिनींसाठी. आपल्या मुलाचे पलंगावरचे बसणे आधी मोडा. मोबाईल खिडकीच्या कट्ट्यावर किंवा कपाटाच्या फळीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा आणि एक तास त्याला उभ्याने ऐकू द्या. दोन तासांच्या मध्ये तीन सूर्यनमस्कार. दुपारी जेवणानंतर दोन तासांनी मुका संच, दहा मिनिटे, त्यात आपणही सामील झालात तर उत्तम. पाणी भरणे आणि केर काढणे त्याच्याकडे द्या. संध्याकाळी पाऊस उघडला की छत्री घेऊन अर्धा तास बाहेर न्या. उड्यांसाठी घरमालकांनाच विचारा, की तळमजल्याच्या पडवीत आठवड्यातून तीन दिवस, पाच मिनिटे मुलाने उड्या मारल्या तर चालेल का. बहुतेक घरमालक डोक्यावरच्या उड्यांना नाही म्हणतात, समोरच्या उड्यांना नाही. महिन्याभराने खुर्चीवरच्या उठाबशांचे दोन्ही आकडे मला कळवावेत, पहिल्या दिवसाचा आणि तिसाव्या दिवसाचा. इतर वाचकांनीही पत्रात मुलाचे वय, घराचा मजला आणि जागा किती वाजता मोकळी असते एवढे लिहिले तर उत्तर देणे सोपे जाईल.